पायरीखाली नाव लिहा

(विटा इथं तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोललो तसाच ठेवला आहे.)



मी भाषणवाला नाही. मुंबईच्या डॉकात माल उचलतो. ठेकेदाराच्या बिल्ल्यावर. कधी लोखंडाच्या कॉइल, कधी डाळीची पोती. जहाज लागलं तर पाळी, नाही लागलं तर बोंब. शिक्षण मॅट्रिक. तुम्ही दहावी म्हणता. माझा आजा मॅट्रिक म्हणायचा आणि म्हणताना छाती फुगवायचा, म्हणून मीही मॅट्रिकच म्हणतो. कविता करतो, त्या तुमच्यातल्या दोघाचौघांनी वाचल्या म्हणून मला इथं बोलावलं. पण आज कविता आणलेली नाही. या पिशवीत फोटो आहेत. चाळीस. आमच्या डोंगरावरच्या गल्ल्यांचे, पायऱ्यांचे, पायवाटांचे. ते दाखवायला आणि तुमच्याकडून काहीतरी मागायला आलोय. काय मागायचंय ते शेवटी सांगतो.

तुम्ही म्हणाल, कवीनं फोटो कशाला काढावेत? डॉकाच्या गेटातून आत जाताना माझा फोटो तपासतात. पासावरचं तोंड आणि मानेवरचं तोंड एकच आहे का, ते बघतात. आत गेल्यावर मात्र मला फोटो काढायला मनाई. म्हणजे त्यांनी मला बघायचं, मी त्यांना बघायचं नाही. हे मला रोज सकाळी टोचतं. मग पाळी सुटली की घरी जाताना मी फोन काढतो. स्क्रीन तडकलेली आहे, पण भिंग शाबूत आहे.

घर असल्फ्याला. घाटकोपरच्या पश्चिमेला डोंगर आहे, त्यावर. घाटकोपरहून वर्सोव्याकडं मेट्रो निघाली की जागृतीनगर, मग असल्फा. ही मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. आणि २०१७ संपता संपता आमच्या डोंगराच्या भिंती रंगवल्या गेल्या. पिवळ्या, गुलाबी, निळ्या, हिरव्या. मेट्रोतली माणसं खिडकीला चिकटली. पेपरात फोटो आले. कुणी म्हणालं, अगदी इटलीतल्या गावासारखं दिसतंय. रंगाला माझा विरोध नाही. रंग लागला तेव्हा पोरं खूश होती, आमची आई पण खूश होती. पण ते फोटो मी नीट बघितले. एकाही फोटोत वाट नव्हती. घरं होती, रंग होते, वर आभाळ होतं. माणूस या घरातून त्या घरात जातो कसा, हे कुठंच नव्हतं. जणू आम्ही पाखरं आहोत, उडत येतो आणि खोपटात बसतो.

लांबून डोंगर दिसतो, वाट दिसत नाही. वाट बघायची तर चढावं लागतं. चढणाऱ्याला धाप लागते, आणि धाप लागलेल्याला डोंगर सुंदर वाटत नाही. त्याला फक्त पायरी दिसते. एक, मग दुसरी.

या पायऱ्या कुणी केल्या, तिथून विट्याची गोष्ट सुरू होते.

१९७२ चा दुष्काळ. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना सांगायला नको. लाल मिलो, सुकडी, आणि खडी. माझा आजा-आजी विट्याजवळच्या एका खेड्यातले. खेड्याचं नाव सांगत नाही, कारण ही गोष्ट एका गावाची नाही. दुष्काळी कामावर दोघं खडी फोडायची. आजी सांगायची, आधी हाताला फोड यायचे, मग फोडांना घट्टे पडायचे, मग घट्ट्यांना काही वाटायचंच नाही. त्या खडीचे रस्ते झाले. ज्यांना गावातल्या रस्त्यावरनं ताठ मानेनं चालू देत नव्हते, त्यांनीच सरकारचे रस्ते घातले. विट्याच्या पंचक्रोशीतनं गलाईवाले देशभर गेले, सोनं-चांदी आटवायला. आमचे मुंबईला गेले, ते सुतकी आणि पहार घेऊन.

ही वाट आमच्याआधीही मळलेली होती. याच सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. जन्म १९२०. पोरवयात बापाबरोबर पायी चालत मुंबईला गेले आणि पुढं घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. चिरागनगर आमच्या डोंगरापासून लांब नाही. तिथून जाताना मला नेहमी वाटतं, एवढा मोठा लेखक ज्या गल्लीतून रोज ये-जा करायचा, त्या गल्लीचे तेव्हाचे फोटो किती निघाले असतील? लेखकाचे फोटो आहेत. गल्लीला कोण विचारतं?

आजा डोंगरावर चढला तेव्हा वाट नव्हती. पावसात पाणी खाली यायचं ती घळ, तीच वाट. त्यानं आणि आणखी सात-आठ जणांनी त्या घळीत पायऱ्या फोडल्या. डॉकाची पाळी सुटल्यावर, रविवारी, चांदण्या रात्री. दुष्काळात सरकारसाठी दगड फोडायला शिकले होते, ते स्वतःसाठी फोडू लागले. आमच्या गल्लीत खालून वरपर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत. मी मोजल्यात. काहींवर आता लादी आहे, काहींवर सिमेंट आहे. पण एकसष्ट नंबरची पायरी अजून उघडा दगड आहे. तिच्यावर छिन्नीचे घाव दिसतात. तो माझ्या आज्याचा हात. त्याचा एकुलता एक फोटो घरात आहे, तो सरकारनं काढलेला. त्याच्या हाताचा फोटो मी काढला. तो हा बघा. पाठीमागं द्या.

आता सरकारनं काढलेल्या फोटोबद्दल.

१९७६ साली मुंबईतल्या झोपड्यांची गणना झाली आणि झोपडीवाल्यांना फोटोपास मिळाले. फोटोपास! शब्द बघा. आमच्या घरात पहिला फोटो आला तो लग्नाचा नाही, बारशाचा नाही. झोपडी सरकारदप्तरी आहे हे सांगणारा. आजा-आजी शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांच्या तोंडावर भीती. पन्नास वर्षं तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या पेटीत, पेटी माळ्यावर. घरात पाणी शिरलं की आई आधी ती पेटी उचलते, मग मला हाक मारते.

कारण मुंबईत माणूस किती वर्षांचा आहे हे कुणी विचारत नाही. झोपडी किती सालची, ते विचारतात. पुनर्वसनाच्या योजनेला तारीख आधी १ जानेवारी १९९५ ची होती. मग १ जानेवारी २००० झाली. नंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर, असं आलं. तारखेच्या अलीकडचा तो पात्र, पलीकडचा अपात्र. एकाच गल्लीत समोरासमोरच्या दोन दारांत ही रेघ जाते. कॅमेऱ्याला ती रेघ दिसत नाही, पण तिथं राहणाऱ्याला झोपेतसुद्धा दिसते.

म्हणून म्हणतो, आपल्या गल्लीचा फोटो म्हणजे हौस नव्हे. आपल्याकडं फोटो हा कायम पुरावा म्हणून आला. कधी आपल्या बाजूचा, कधी आपल्यावरचा.

घाटकोपरचंच उदाहरण घ्या. डोंगराच्या पलीकडं, पूर्वेला, हायवेला लागून माता रमाबाई आंबेडकरनगर. ११ जुलै १९९७. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, माणसं रस्त्यावर आली, राज्य राखीव दलानं गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरेंनी मुलुंडला गळफास घेतला. सांगितलं काय गेलं? की जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला. गुंडेवार आयोगानं ते मानलं नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता असं म्हटलं. २००९ साली त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं शिक्षा दिली, नंतर तो जामिनावर सुटला. या सगळ्यात मुद्दा कुठला होता? टँकर कुठं उभा होता आणि माणसं कुठं पडली. किती पावलांचं अंतर. कुठली गल्ली, कुठलं तोंड. माणूस गल्लीत उभा होता की हायवेवर, यावर तो दंगलखोर की रहिवासी हे ठरतं. ज्याच्याकडं आपल्या गल्लीचं चित्र नाही, त्याच्या गल्लीचं चित्र दुसरा काढतो आणि कोर्टात तेच दाखवतो.

आणि डोंगर सरकतो तेव्हाही हेच. १२ जुलै २००० ला घाटकोपरच्या आझादनगरात दरड कोसळली. साठाहून जास्त माणसं गाडली गेली. १८ जुलै २०२१ च्या रात्री चेंबूर आणि विक्रोळीत भिंत आणि दरड मिळून २५ हून अधिक जीव गेले. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत फोटो. ढिगारा, कुत्रं, रडणारी बाई. पण आदल्या दिवशीचा फोटो कुठं आहे? भिंतीला आलेली चीर, पोटातून बाहेर आलेली भिंत, पायरीखालून निघून गेलेली माती, तुंबलेलं गटार, हे तिथल्या माणसाला महिनाभर आधी दिसत असतं. त्याला दिसतं, पण त्याच्या बघण्याला किंमत नाही. ढिगाऱ्याला किंमत आहे, चिरेला नाही. आपण चिरेचा फोटो काढायचा.

इथपर्यंत मी शहाणपणा सांगितला. आता माझी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीचा एक फोटो मी काढला. सकाळचं ऊन वरच्या वळणावरून तिरकं येतं, पायऱ्यांवर पाण्याच्या पाइपांच्या सावल्या पडतात, निळे पिंप, मधेच एक शाळेचा युनिफॉर्म वाळत घातलेला. फोटो झकास आला. मला वाटलं, कविताच झाली. मी तो सगळीकडं पाठवला. लोकांनी वा वा केलं. फोटो फिरला, माझं नाव गळून पडलं, तरीही फिरला. काही आठवड्यांनी समोरच्या मावशीच्या दाराला कागद लागला. पोटमाळा वाढवलाय, पाडा. तो फोटो बघून कागद आला की आधीच ठरलं होतं, मला ठाऊक नाही. पण फोटोत तिचा नवा माळा स्वच्छ दिसत होता, पत्र्यासकट. मावशीनं कागद आणला आणि माझ्या पुढ्यात टाकला. म्हणाली, "लेका, कवी हाईस न्हवं तू? मग माळा कशापायी दाखवलास? पायरी दाखवायची. माज्या मालकानं फोडल्याली पायरी हाय दाराम्होरं. तिच्याखाली त्याचं नाव लिव्हायचं."

मी गप्प. मेट्रोतला माणूस खिडकीतून जे करतो, तेच मी दारात उभा राहून केलं होतं. मला ऊन दिसलं, पत्रा दिसला, पाइपाची सावली दिसली. मावशी दिसली नाही. आपल्याच वस्तीत जन्मलो म्हणून आपला डोळा आपोआप आपला होत नाही, दोस्तांनो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, मावशीकडून शिकलो.

तिचा माळा गेला. तिच्या पोराचं बिऱ्हाड आता नालासोपाऱ्याला आहे. मावशी माझ्याशी बोलते, पण आधीसारखं नाही.

त्यानंतर मी थोडं वाचलं. जेकब रीस म्हणून एक बातमीदार होता न्यूयॉर्कला. १८९० साली त्यानं तिथल्या गरीब चाळींवर पुस्तक काढलं. रात्री अंधाऱ्या खोल्यांत शिरायचा, दारूचा भपका उडवून उजेड करायचा आणि फोटो घ्यायचा. झोपलेली माणसं दचकून उठायची. त्याच्या कामानं सुधारणा झाल्या, ते नाकारत नाही. पण फोटोतल्या माणसांची नावं बहुतेक ठिकाणी नाहीत. आणि दुसरा गॉर्डन पार्क्स. काळा माणूस. ज्या अमेरिकेतल्या पँथरांचं नाव आपल्या पोरांनी १९७२ साली मुंबईत घेतलं, त्याच अमेरिकेतला, पण आधीचा. १९४२ साली त्यानं वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या बाईचा फोटो काढला. मागं अमेरिकेचा झेंडा, एका बाजूला झाडू, एका बाजूला मॉप. तो एका फोटोवर थांबला नाही. तिच्या घरी गेला, तिची पोरंबाळं, तिचं देवघर, सगळं बघितलं. म्हणून तिचं नाव आज आपल्याला माहीत आहे. एला वॉटसन. आपल्याकडं सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, गटारात उतरणाऱ्यांचे. २०१६ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंतला माणूस तुमच्याकडं सरळ बघतो. म्हणजे फोटो काढणारा त्याच्यासमोर उभा होता, लपून नव्हता.

तर आता मी कसं करतो ते सांगतो. तुम्हाला पटलं तर घ्या.

एक, आधी विचारायचं. दाराचा फोटो दारवाल्याला विचारून. माळा, नळ, मीटर ज्यानं कुणी अडचणीत येईल ते चौकटीबाहेर. आपण पोलिसांचे पंच नाही.

दोन, एकच जागा पुन्हा पुन्हा. मे महिन्यात, मग जुलैत, मग ऑक्टोबरात. चिरेजवळ एक पट्टी किंवा आपला पंजा ठेवायचा, म्हणजे ती वाढली की दिसते. आमच्या गल्लीतल्या पोरींनी असं एका भिंतीचं वर्षभर केलं. अर्जाबरोबर फोटो लावले. तीन खेपा घातल्या. भिंत अजून झाली नाही, पण लोखंडी कठडा झाला. म्हातारी माणसं तो धरून उतरतात.

तीन, मूळ फोटो जपायचा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवला की फोटोच्या पोटात असलेली वेळ-जागेची नोंद निघून जाते. आणि कोर्टात फोनमधला फोटो द्यायचा तर प्रमाणपत्र लागतं. पूर्वी पुराव्याच्या जुन्या कायद्याखाली लागायचं, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली लागतं. वकील दोस्तांना विचारा, पण फाइल फेकू नका.

चार, कागदावर छापून घरी द्यायचा. एक प्रत ज्याचा फोटो त्याला. आणि मागं लिहायचं. गल्ली, पायरी, तारीख, आणि ती पायरी कुणी केली त्याचं नाव.

हे चौथं सगळ्यात महत्त्वाचं.

आता तुमच्या विट्याबद्दल दोन शब्द. पाहुण्यानं बोलू नये, पण माझी आजी इथली, म्हणून बोलतो. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांमध्ये विटा देशात पहिलं आलं. मला मुंबईत अभिमान वाटला, गँगमध्ये सगळ्यांना सांगितलं. आज सकाळी मी इथल्या गल्ल्यांतून फिरलो. रस्ते चकचकीत. आता माझा सवाल सोपा आहे. चकचकीत रस्त्याचे फोटो निघाले, पण पहाटे तो रस्ता ज्यांनी झाडला त्यांची नावं तुमच्यातल्या कितीजणांना येतात? हात वर करा. बघा. हा माझा टोमणा नाही. माझ्या डोंगरावर मलाही सगळी नावं येत नव्हती.

आणि दुसरं. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांना असलेली जातीची नावं काढायची. समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. चांगलं झालं. पण पाटी बदलली म्हणजे वाट बदलली असं नाही. केरळात वायकोमला १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला तो देवळात शिरण्यासाठी नव्हता. देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालण्यासाठी होता. फक्त चालण्यासाठी! माझी आजी विहिरीकडं जाताना गावाला वळसा घालून लांबच्या पायवाटेनं जायची. सरळ गल्ली होती, दोन मिनिटांची. ती तिच्यासाठी नव्हती. ती लांबची पायवाट अजून कुठंतरी असेल, नाहीतर तिच्यावर घरं झाली असतील. अशा वाटा प्रत्येक गावाभोवती आहेत. नकाशात त्या नाहीत. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या बायकांना माहीत आहेत. त्यांचा हात धरा, त्यांना चालायला न्या, आणि त्या जिथं थांबतील तिथं फोटो काढा. त्या गेल्या की त्या वाटा दाखवणारं कुणी उरणार नाही.

आता मागायचंय ते मागतो.

आमच्या डोंगरावर पायऱ्या फोडणारे आठ-नऊ जण होते असं आजा सांगायचा. सगळे याच भागातले. त्यातले काही गिरणीत लागले, काही डॉकात. १९८२ चा गिरणी संप झाला, गिरण्या बसल्या, तेव्हा काहीजण गावाकडं परतले ते परत आले नाहीत. आजा गेला. मावशीचे मालक गेले. मला आतापर्यंत पाच नावं मिळाली. फोटोंच्या मागं लिहिलीत. बाकीच्या फोटोंच्या मागं जागा रिकामी आहे.

पिशवी मी इथं टेबलावर ठेवतो. चहा होईपर्यंत सगळ्यांनी फोटो बघा. घरी न्या, म्हाताऱ्यांना दाखवा. "तुम्ही असल्फ्याला होता का, दगड फोडला का," एवढंच विचारा. कुणी हो म्हणालं तर नाव मागं लिहा, पेन्सिलनं नको, बॉलपेननं. मी रविवारपर्यंत इथं आहे. सोमवारी पहाटे मला डॉकात पाळी आहे.

जयभीम.